मनकर्णेच्या भिंतीवरची पत्रकं

मनकर्णा,

मेलेल्या माणसाला पत्र लिहिण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही, असं मला वाटत होतं. पण परवा हैदराबादहून एक प्राध्यापक आला. आदिलाबाद जिल्ह्यातल्या नक्षल चळवळीवर पुस्तक लिहितोय म्हणाला. त्याच्या पिशवीत एका जुन्या पत्रकाची झेरॉक्स होती. वर पाच टोकांची चांदणी, खाली ‘हुतात्मा कॉम्रेड दौलत यांना लाल सलाम’. मला विचारतो, “मॅडम, हा दौलत तुमच्या शाळेत शिकला ना? दलात कधी भरती झाला?”

मी म्हटलं, “बसा, चहा घ्या. हा दौलत कुठल्याच दलात नव्हता.”

“पण इथे छापलंय,” तो म्हणाला. मग त्याने घड्याळ पाहिलं. त्याला बस गाठायची होती. चहा अर्धा टाकून गेला.

म्हणून आता तुलाच लिहिते. तुला सगळं ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्यांना नाही. तेव्हा मधेमधे तुझंच तुला सांगावं लागेल. राग मानू नकोस. मानलास तरी आता काय करणार आहेस.

तलमडुगूच्या पुढचं आपलं गाव. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. मी शाळेत मराठीची बाई होऊन आले तेव्हा नुकती बी.ए. झालेली, नाकावर माशी बसू न देणारी. तू बौद्धवाड्यात राहायचीस. पावसाळ्यात लोकांच्या शेतात निंदण, हिवाळ्यात कापूस वेचणं, उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडून पुडे बांधणं, हे तुझं वर्ष. नवरा मारोती विहीर खोदताना ढासळलेल्या मातीखाली गेला तेव्हा दौलत पाळण्यात होता. भावांनी दुसऱ्या लग्नाची घाई केली, तर तू त्यांना म्हणालीस, “एक सांभाळून पायला. आता जराशी उसंत घेऊ द्या.” ही गोष्ट गावाने मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. तेव्हाच मी ठरवलं की या बाईशी आपलं जमणार.

जमलं ते कागदावरून. आपल्याकडे पाहुणे यायचे असले की मातीच्या भिंतीला, बसणाऱ्याची पाठ टेकते तेवढ्या भागात, कागद चिकटवायची रीत होती. पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्याला माती लागू नये म्हणून. तू माझ्याकडून नागपूरचे जुने पेपर न्यायचीस. चिंचोके भाजून, कुटून, शिजवून तू जी खळ करायचीस ती अख्ख्या गावात प्रसिद्ध. लोक म्हणत, मनकर्णेने चिकटवलेला कागद भिंत पडली तरी पडत नाही.

आणि तो कागद तू कधी उलटा लावला नाहीस. वाचता एक अक्षर येत नव्हतं, पण छापलेली बाजू बाहेर. मी एकदा म्हटलं, “कोरी बाजू बाहेर ठेव की, स्वच्छ दिसेल.” तर म्हणालीस, “बाई, लिवलेलं घर दिसलं पायजे. पाव्हन्याले समजलं पायजे का इथं शिकून राह्यले लोक.” आपल्या मुलखात मराठी अक्षर तसं दुर्मीळच. कचेरीचा कागद तेलुगू, बसची पाटी तेलुगू, रेशनकार्ड तेलुगू. बसची पाटी न कळणं आमच्यासारख्या शिकलेल्यांनाही सहज जमायचं. छापलेलं मराठी म्हणजे बाबासाहेबांचं कॅलेंडर, दौलतची पुस्तकं आणि लग्नपत्रिका. मराठी अक्षर पायाखाली आलं की तू ते उचलून कपाळाला लावायचीस.

मग पत्रकं येऊ लागली.

जंगलातल्या पार्टीची माणसं, ज्यांना सगळे अण्णालोक म्हणत, ती पत्रकं छापून गावोगाव पोहोचवायची. आधी नुसती तेलुगू होती. पुढे कोणाच्या तरी लक्षात आलं की नदीकाठच्या गावांना ती वाचताच येत नाहीत, आणि मराठी सुरू झाली. तिठ्यावरच्या कडुनिंबाखाली गठ्ठा ठेवायचा, वर दगड. कोण ठेवून गेलं हे कोणी पाहायचं नाही. मराठी इतकं ताठ की मला वाचताना लाल पेनाची आठवण यायची. सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तेंदूपत्त्याचा भाव त्यांच्यामुळे वाढला, आणि जंगलचा गार्ड बायकांच्या कोंबड्या उचलून न्यायचा ते बंद झालं. तूच सांगितलं होतंस मला. पण त्या कागदांचं खरं काय व्हायचं ते अण्णालोकांनी कधी उभं राहून पाहिलं नाही. लोक अण्णांच्या भीतीने कागद घ्यायचे आणि पोलिसांच्या भीतीने दहा पावलांवर टाकून द्यायचे. तिठ्यापासून गावापर्यंतची वाट पत्रकांनी भरलेली असायची.

आणि तू ती उचलायचीस.

कौशल्याबाई, तुझी शेजारीण, ओरडायची तुला. “काऊन उचलून राह्यली वं ते? चुलीत घाल.”

“मराठी हाय ते,” तू म्हणायचीस.

“मराठी हाय म्हणून काय साप चावत नाई?”

“लोकं तुडवून राह्यले त्याच्यावरून. बाबासायबानं आपल्या हाती अक्षर देल्लं ते का असं तुडवाले?”

“मंग देव्हाऱ्यात ठेव.”

“देव्हारा कुठी हाय आपल्याकडं आता,” तू हसायचीस, आणि कागद झटकून, घडी घालून पेटीवर ठेवायचीस. आत काय लिहिलंय ते तू कोणालाच विचारलं नाहीस. मलाही नाही. तुला ते वाचायचं नव्हतं, फक्त पायाखालून काढायचं होतं.

दौलत तोपर्यंत आदिलाबादला मास्तरकीच्या ट्रेनिंगला होता. बौद्धवाड्यातला पहिला. माझ्या हाताखाली सातवीपर्यंत शिकला. अभ्यासात बरा, गणितात कच्चा, पण समजावून सांगायला असा गोड की लहान पोरं मला सोडून त्याच्याकडे जायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत बोथहून त्याला स्थळ आलं. मुलीचे वडील चंपतराव, तहसील कचेरीत कारकून. ते घर पाहायला येणार होते. मी तेव्हा मुधोळला बहिणीकडे गेलेले, शाळा बंद, नागपूरचे पेपर कुलपात. तुझ्याकडे पेटीवर पत्रकांचा एवढा मोठा ढीग. कागद जाड, शाई ठळक, सगळे एका मापाचे. तुला वाटलं, यापेक्षा चांगलं काय असतं.

दोन दिवस तू भिंत सारवलीस, आणि मग चिंचोक्याच्या खळीने, दारापासून कोपऱ्यापर्यंत, ओळीने, एकाला एक भिडवून, पत्रकं लावलीस. एक वाकडं नाही. सरळ-उलटं तुला कसं कळलं, हे मी नंतर विचारलं होतं. तू म्हणालीस, “चांदणी वरच्या अंगाले ठेवली, बाई. चांदणी आभाळात असते ना.”

दौलत सकाळच्या बसने आला. तू त्याला पाणी दिलंस आणि भिंतीकडे बोट केलंस, शाबासकी घ्यायला. तो तांब्या हातात धरून तसाच उभा राहिला.

“माय, हे काय केलं तू?”

“काऊन? चांगलं नाई दिसत?”

“चांगलं दिसते,” तो म्हणाला. हे त्याचं उत्तर तू मला किती वेळा सांगितलंस. आईला रागावला नाही. चांगलं दिसते, म्हणाला, आणि तोच तांब्या भिंतीवर ओतून खरवडायला बसला. तूही बसलीस. पण खळ तुझी होती. कागदाचा वरचा पापुद्रा निघायचा, शाई बोटाला लागायची, चांदणी तशीच राहायची. तुम्ही विळ्याने खरवडत होतात तेव्हा पोलिसांची जीप आली. कोणी चुगली केली नव्हती, हे मी खात्रीने सांगते; त्या आठवड्यात नदीकाठची सगळीच गावं झडतीला घेतली होती. त्यांनी आत पाहिलं. अर्धी भिंत पत्रकांची, अर्धी ओली, आणि एक शिकलेला तरणा मुलगा, हाताला शाई लागलेला. कागद नुसते लावलेले असते तर कदाचित दम देऊन गेले असते. खरवडलेल्या भिंतीने घात केला. चौकशीला नेतो म्हणाले. दौलत जीपमध्ये चढताना तुला म्हणाला, “पाव्हने आले त बाजेवर बसव, भिंतीले टेकू नको देऊ. ओली हाय.”

चंपतराव आले, पण वेशीवरच त्यांना कळलं. ते बसमधून उतरलेच नाहीत.

कंडक्टरकडून मला निरोप आला तशी मी मुधोळहून निघाले. आपण दोघी ठाण्यात गेलो. तिथला सब-इन्स्पेक्टर, ज्याला सगळे एस्सैसाहेब म्हणत, वाईट बोलला नाही. खुर्ची दिली मला. तुला दिली नाही, तेव्हा मीही उभी राहिले.

तू आपल्या मोडक्या हिंदीत म्हणालीस, “साब, कागद मैं लगायी. लडके को कुछ मालूम नहीं.”

“पढ़ के लगायी?”

“पढना नहीं आता, साब.”

“पढ़ना नहीं आता, तो सब सीधे कैसे लगे? एक भी उल्टा नहीं.”

आणि तू, मनकर्णा, खरं तेच सांगितलंस. “चांदणी ऊपर रख्खी ना, साब.”

तो माझ्याकडे वळला. “देखिए मॅडम. अनपढ़ है, लेकिन पार्टी का निशान पहचानती है. घर में किसी ने तो सिखाया होगा.”

मी मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, सगळ्यांत बोलले. कॉलेजात वादविवादात ढाल मिळवलेली बाई मी. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, “कल-परसों छोड़ देंगे.”

सोडलं नाही. तेलुगू पेपरात बातमी आली. बोथच्या जंगलात चकमक, एक नक्षलवादी ठार, नाव दौलत. बातमी मला शाळेच्या तेलुगू मास्तरांनी वाचून दाखवली, आणि मी तुझ्या घरी येऊन तुला सांगितली. ती कशी सांगितली, ते मी इथे लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे आणि बाकीच्यांना माहीत असण्याची गरज नाही.

पावसाळ्यात तिठ्यावर नवा गठ्ठा आला. तसाच जाड कागद. त्यात दौलतचं नाव होतं, त्याचा शाळेतल्या ग्रुप फोटोतून कापून घेतलेला चेहरा होता, आणि लिहिलं होतं की कॉम्रेड दौलतला लहानपणापासूनच क्रांतीची ओढ होती, त्याने शत्रूशी झुंजत वीरमरण पत्करलं. पोलिसांनी म्हटलं तो नक्षलवादी होता. पार्टीने म्हटलं, हो, होता. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन बाजू, पण तुझ्या मुलाच्या बाबतीत त्यांचं एकमत झालं. यापुढे तिसऱ्या माणसाने काय बोलायचं?

गाव बदललं तुझ्याशी. कोणी वचकून वागायचं, कोणी उगाच नमस्कार करायचं. बौद्धवाड्यातलेच काही म्हणू लागले, “असंन बा. छापून आलं म्हणजे काई ना काई असंनच. पोराचं मन मायले थोडंच दिसते?” अण्णालोकांकडून निरोप आला, तुझ्या दारापुढे हुतात्म्याचा लाल खांब उभारतो. तू निरोप्याला म्हणालीस, “उभारा. शेळी बांधाले खुटा पायजेच होता मले.” खांब उभारला नाही त्यांनी.

त्याच आठवड्यात तू दुपारी शाळेत आलीस, वर्ग सुटल्यावर. ते पत्रक पदरात होतं. म्हणालीस, “मले वाचाले शिकवा.”

“हे वाचायला?” मी म्हटलं. “मी वाचून दाखवते.”

“तुमी वाचून दाखवसाल त तुमचा आवाज ऐकू येईन. मले त्यायनं काय म्हटलं ते पायचं हाय.”

मी कडक मास्तरीण. शिकवताना तुझ्यावर ओरडले, तूही माझ्यावर ओरडलीस. पहिला शब्द दौलत. मग आई, मास्तर, भिंत. हिवाळा लागेपर्यंत तू अक्षराखाली बोट धरून एकेक ओळ काढू लागलीस. ज्या दिवशी ‘लहानपणापासूनच क्रांतीची ओढ’ ही ओळ तू पुरी वाचलीस, त्या दिवशी बोट त्या ओळीखालून उचललं नाहीस. मला वाटलं रडशील. तर म्हणालीस, “लहानपणी त्याले गुळाची ओढ होती, बाई. गुळाचा डबा कुठीबी लपवला तरी शोधून काढे.” आणि मग रडलीस.

दुसऱ्या दिवशी तू मला सांगितलंस की आपण पत्रक काढायचं.

“आपण?”

“मंग काय. त्यायचं छापलं, पोलिसायचं छापलं. माहं तेवढं तोंडी. तोंडी कोन खरं मानते?”

मी कागद घेऊन लिहायला बसले. ‘सर्व नागरिक बंधुभगिनींस कळविण्यात येते की’. तू ऐकलंस आणि म्हणालीस, “हे कोन बोलून राह्यलं? मी त असं नाई बोलत.” मी चिडून कागद तुझ्यापुढे सरकवला, मग तूच सांग. तू सांगितलंस, मी उतरवलं, जसंच्या तसं: ‘दौलत माहा पोरगा. तो कोनाच्याच दलात नव्हता. मास्तर होणार होता. भिंतीले कागद मीनं लावले. तवा मले वाचता येत नव्हतं.’ खाली मनकर्णा. मी विचारलं, वर काय घालायचं, काही शीर्षक? तू म्हणालीस, “वर काईच नको.”

आदिलाबादला अमृतराव नावाचे एक गृहस्थ लग्नपत्रिका छापायचे. आपण त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला.

“मावशी, पोलिसांना टोचेल असं छापलं तर पोलीस येतात. अण्णालोकांना टोचेल असं छापलं तर ते येतात. तुमच्या एवढ्याशा कागदात दोघंही आहेत.”

“मंग कोनाच्या बाजूनं लिवू म्हणजे तुमी छापसाल?”

“मी लग्नाचं छापतो, मावशी. दुसरं काही नाही.”

“लग्नच त होतं जी त्याचं,” तू म्हणालीस.

अमृतराव उठून आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते किनवटचा एक पत्ता घेऊन. त्यांच्या साडूचा छापखाना तिथे होता. महाराष्ट्रात छापलं तर इथले कोणी तिथवर यायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आपल्या हातात मजकूर परत देताना ते तुझ्याकडे पाहू शकले नाहीत. मला त्यांचा राग आला होता. आता येत नाही.

परतीच्या बसमध्ये तू सगळं ठरवून टाकलंस. तिठ्यावर दगडाखाली ठेवायचं नाही. ज्याच्या त्याच्या हातात द्यायचं, आणि टाकून देण्याआधी त्याच्यापुढे उभं राहून वाचून दाखवायचं. आधी आपलं गाव, मग तलमडुगूचा बाजार, मग बोथ. बोथला चंपतरावांच्या घरी सगळ्यात शेवटी, म्हणजे तोवर वाचायची चांगली सवय झालेली असेल. मी म्हटलं, “आणि ठाण्यात?” तू म्हणालीस, “त्याले मराठी कुठी येते? त्याले तुमी इंग्रजीत सांगजा.”

पण कापूस फुटलेला होता. वेचणी सोडून जाता येत नव्हतं तुला. आणि त्या वेचणीतच तुला ताप आला, आपल्या जंगलाकडचा तो थंडी वाजून येणारा. बायकांनी शेतातून बैलगाडीत घालून घरी आणलं. दवाखान्यात नेईपर्यंत ताप डोक्यात चढला होता.

तुझ्यानंतर पुष्कळ जणांनी मला सुचवलं, बाई, आता तुम्ही छापून घ्या. मजकूर माझ्याकडे आहे, आता कोणी अडवणारंही नाही. मी छापलं नाही आणि छापणार नाही. तो दौलतच्या आईचा कागद होता. मी वाटला असता तर शाळेच्या बाईचं मत झालं असतं, आणि माझं मत त्या प्राध्यापकाने सुद्धा अर्ध्या चहापुरतंच ऐकलं.

वेचणी संपली की येणाऱ्या पहिल्या सोमवारी जायचं, असं आपलं ठरलं होतं. आदिलाबादहून किनवटला सकाळची गाडी. तिकिटं मी काढायची होती, भाकरी तू आणणार होतीस.